देणाऱ्याच्या पदरी काय पडते

दानाची चर्चा मराठी समाजात बहुधा दोन टोकांवर होते. एका टोकाला देणाऱ्याच्या खाती परलोकात जमा होणारे पुण्य असते आणि दुसऱ्या टोकाला घेणाऱ्याची भागलेली गरज. या दोहोंच्या मध्ये देणाऱ्याच्या रोजच्या जगण्यात, त्याच्या घरात, मनात आणि गावातील त्याच्या स्थानात जो फरक पडतो, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण असे पाहणे म्हणजे दानात स्वार्थ शोधणे होय अशी समजूत रूढ आहे. ही समजूत रास्त नाही. देण्याने देणाऱ्यालाही काही लाभते, आणि तो लाभ कशामुळे मिळतो व कशामुळे हातचा जातो हे ज्याला नेमके कळले आहे, त्याचे देणे अधिक नेटके होते. घेणाऱ्याचेही हित त्यातच असते.

या विचाराला भीमेच्या दोन काठांवरचे शिरूर आणि दौंड हे तालुके चांगले उदाहरण ठरतात. खडकवासल्याच्या कालव्याने दौंडमध्ये आणि चासकमानच्या पाण्याने शिरूरच्या बऱ्याच भागात ऊस आणला, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने पगारदार आणले, दौंड तर रेल्वेचे जंक्शन म्हणूनच वाढले. त्याच वेळी पाबळ-कान्हूरकडच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण चालत आली आहे, आणि उसाच्या फडात दरवर्षी परजिल्ह्यांतून तोडणी कामगार येतात. ज्यांच्या घरात वस्तू मावत नाहीत आणि ज्यांच्या कोपीत अंथरायला पुरेसे नाही, अशी माणसे येथे एकाच शिवारात राहतात. देण्याची संधी दूर जाऊन शोधावी लागत नाही.

धर्मशास्त्रात दानाची जी व्याख्या स्थिरावली तिच्यात दोन क्रिया आहेत : वस्तूवरची आपली मालकी पूर्णपणे सोडणे आणि दुसऱ्याची मालकी तिच्यावर निर्माण करणे. पहिली क्रिया झाली नाही तर दुसरी पोकळ राहते. दिलेल्या शिलाई यंत्राची दर महिन्याला चौकशी करणारा, किंवा दिलेली साडी घेणारीने का नेसली नाही म्हणून रुसणारा, शास्त्राच्या भाषेत अजून देतच असतो, त्याचे दान पुरे झालेले नसते. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात आणखी एक मर्यादा घातली आहे, ती अशी की माणसाने आपले असेल तेच द्यावे आणि तेही कुटुंबाच्या निर्वाहाला बाध न येता द्यावे. भगवद्गीतेचा सतरावा अध्याय दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार करतो : देणे कर्तव्य आहे म्हणून, परतफेडीची आशा नसलेल्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि योग्य पात्राला दिलेले ते सात्त्विक, उपकाराच्या परतफेडीसाठी, फळासाठी किंवा मन मारून दिलेले ते राजस, आणि अवेळी, अपात्री, घेणाऱ्याचा मान न राखता दिलेले ते तामस. या वर्गीकरणात रकमेला काहीच स्थान नाही. शंभर रुपये सात्त्विक आणि लाख रुपये तामस ठरू शकतात, कारण सगळी कसोटी देणाऱ्याच्या मनाची आणि वागण्याची आहे.

आधुनिक मानसशास्त्रातील प्रयोग या जुन्या कसोटीशी बरेच जुळते आहेत. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देण्यात आले आणि ते संध्याकाळपर्यंत एका गटाने स्वतःवर व दुसऱ्या गटाने इतर कोणावर खर्च करावेत असे सांगण्यात आले. दिवसअखेर दुसऱ्यांवर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले आणि पाच की वीस याने विशेष फरक पडला नाही. २०१९ च्या दुसऱ्या एका प्रयोगात पाच दिवस रोज पाच डॉलर एकाच गोष्टीवर खर्च करायला दिले असता, स्वतःवर खर्च करणाऱ्यांचा आनंद दिवसागणिक ओसरला, तर देणाऱ्यांचा जवळजवळ टिकून राहिला. स्वतःच्या सुखाची सवय लवकर होते आणि मग ते जाणवेनासे होते. देण्याच्या बाबतीत ही सवय उशिरा जडते, असा त्याचा अर्थ. मात्र नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांनी २०१० साली दाखवून दिले की मदत करणाऱ्याला हा लाभ प्रामुख्याने तेव्हा होतो, जेव्हा ती मदत त्याने स्वतःच्या इच्छेने केलेली असते. दडपणाखाली केलेली मदत त्याच्या पदरात फारसे काही टाकत नाही. मन मारून दिलेल्या दानाला गीतेने राजसात का ढकलले, हे येथे उमगते. हे प्रयोग परदेशातले, छोट्या रकमांचे आणि सरासरीची भाषा बोलणारे आहेत, त्यांच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण त्यांची दिशा ओळखीची आहे.

देणे इतके लाभदायक असूनही हात का आखडतो, याचे उत्तर दुसऱ्या एका प्रयोगात सापडते. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली दाखवले की साधा कॉफीचा मग एकदा हातात पडला की तो विकण्यासाठी माणूस जी किंमत मागतो, ती तोच मग विकत घेऊ पाहणारा जी किंमत देऊ करतो तिच्या सुमारे दुप्पट असते. वस्तू तीच असते, पण ‘माझी’ झाल्यामुळे ती मौल्यवान वाटते. माळ्यावरच्या पितळी घंगाळाची किंवा लग्नातल्या न वापरलेल्या डिनर सेटची घरातल्यांना जी किंमत वाटते, तिच्यातला बराचसा भाग मालकीच्या या भ्रमाचा असतो. म्हणून एखादी वस्तू द्यावी की ठेवावी याचा निर्णय करताना ‘ही देऊन टाकू का?’ असे मनाला विचारू नये. ‘ही आज घरात नसती तर बाजारातून विकत आणली असती का?’ असे विचारावे. या प्रश्नाने माळा बराच मोकळा होतो.

सामूहिक देण्याचा सर्वांत बोलका नमुना दौंड तालुक्यात यवत येथे पाहायला मिळतो. संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम हलवून यवतला येते तेव्हा वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालण्याची रीत या गावाने जपली आहे. काळभैरवनाथाच्या देवळात मोठ्या कढयांतून पिठलं शिजते आणि भाकऱ्या गावातल्या चुलींवरून आणि गॅसवरून थापून येतात. या रीतीची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. घरटी वाटा लहान असतो, त्यामुळे कोणाच्या संसाराला ओढ लागत नाही, आणि ज्याची ऐपत बेताची आहे त्यालाही देणाऱ्यांच्या पंगतीत बसता येते. सगळ्या भाकऱ्या एकाच ढिगात मिसळतात, त्यामुळे कोणाची भाकरी कोणाच्या ताटात पडली हे कोणालाच कळत नाही. उपकाराची जाणीव देणाऱ्याच्या मनात साचत नाही आणि घेणाऱ्याच्या मनावर तिचे ओझे राहत नाही. घेणारा वारकरी आहे, वारीतल्या रिवाजाप्रमाणे त्याला ‘माउली’ म्हणून हाक मारली जाते आणि त्याच्या पाया पडले जाते, म्हणजे हाताची उतरंड येथे उलटी होते, देणारा वाकतो. शिवाय दिवस ठरलेला असतो. ज्येष्ठ-आषाढात पेरणीची घाई असते, एखाद्या वर्षी पाऊस आलेला नसतो, तरी पीठ दळून ठेवलेले असते. द्यावे की न द्यावे याचा ऊहापोह दरवर्षी नव्याने करावा लागत नाही. या गावाला मिळणारे फळ म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या गावाने मिळून एक काम तडीस नेल्याचे समाधान, आणि हे समाधान पैसे देऊन आचारी लावल्याने मिळणार नाही.

ज्यांच्या पादुका त्या पालखीत असतात त्या तुकोबांविषयी परंपरा सांगते की दुष्काळानंतर वैराग्य आले तेव्हा त्यांनी घरच्या सावकारीतील कर्जखते इंद्रायणीत बुडवली, पण त्याआधी धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याची खते वेगळी काढून त्याच्या हवाली केली. कथेचा पहिला भाग कीर्तनांतून रंगवून सांगितला जातो, दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते. वास्तविक संसारी वाचकाला दुसरा भाग जास्त उपयोगाचा आहे. आपल्या मालकीचे नाही ते देण्याचा अधिकार विरक्तालाही नाही. मुलाने आईची भांडी, सुनेने सासऱ्यांची पुस्तके किंवा वडिलांनी मुलांची खेळणी त्यांना न विचारता वाटून टाकली, तर ते दान होत नाही, घरातला रुसवा तेवढा वाढतो. आठ वर्षांच्या मुलाने स्वतः निवडून दिलेली एक जुनी सायकल त्याच्या नावाने आईबापांनी दिलेल्या दहा वस्तूंपेक्षा त्याला अधिक शिकवते.

घरातील वस्तू द्यायच्या ठरवल्यावर सर्वांत मोठे काम निवडीचे असते आणि ते बहुतेक ठिकाणी घाईने उरकले जाते. बोहारणीला जुने कपडे देऊन पातेले घेणे हा उत्तम व्यवहार आहे, पण तो व्यवहारच आहे. आणि फाटके-विटके गाठोडे उचलून कोणाच्या तरी दारात टाकणे म्हणजे घरातला कचरा पुण्याच्या नावाखाली दुसऱ्याकडे सरकवणे होय. द्यायचा शर्ट हातात घेऊन बटणे मोजावीत, तुटलेले बटण त्याच रंगाच्या दोऱ्याने लावावे, पँटची चेन वर-खाली करून पाहावी, कॉलरची आतली बाजू पाहावी, कारण मळ तेथे धरतो. चादरी, गोधड्या, ब्लँकेटे धुऊन उन्हात पूर्ण वाळवूनच द्यावीत. लहान मुलांचे कपडे वयाप्रमाणे वेगळे बांधून गाठोड्यावर चिठ्ठी लावावी, म्हणजे घेणाऱ्या बाईला सगळे उपसावे लागत नाही. शाळेच्या वह्यांतील कोरी पाने काढून शिवून घेतली की त्यांची चांगली कच्ची वही होते. विजेची वस्तू चालू करून दाखवूनच द्यावी. स्टीलच्या भांड्यांवर नावे कोरलेली असतात, ‘अमुक यांजकडून’ असे लिहिलेला डबा दुसऱ्याच्या घरात कायम देणाऱ्याची आठवण देत राहतो. कल्हईवाला किंवा भांड्यांचे दुकान नाव घासून देत असेल तर तेवढा खर्च करावा. हे सारे करताना एक अर्धा दिवस जातो, पण वस्तू आपल्या हातांनी नीट करून दिल्याचा जो आनंद मिळतो तो गाठोडे उचलून दिल्याने मिळत नाही.

कोणाला द्यावे याचा निर्णय ऋतूवर आणि वस्तूवर अवलंबून आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या या भागात उतरतात, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात, आणि मजूर भल्या पहाटे, थंडीत, फडात जातात. तेव्हा मुलांचे स्वेटर, पायांत घालायला बळकट चपला, जाड पांघरुणे यांचा खरा उपयोग होतो. मार्चच्या उन्हात दिलेल्या ब्लँकेटचा होत नाही. योग्य वेळ हा शास्त्रातला शब्द इतका साधा आहे. देण्याआधी टोळीच्या मुकादमाला विचारणे शिष्टाचाराला धरून आहे, मात्र काय हवे हे टोळीतल्या बायकांना विचारावे, कारण मुकादमाची यादी आणि त्यांची यादी अनेकदा निराळी असते. फडावर वाटपाचा कार्यक्रम करून, रांगेत उभे करून, छायाचित्रे काढणे टाळावे. भाड्याच्या खोलीत तिघे-चौघे मिळून राहणाऱ्या कारखाना कामगारांना गॅसची शेगडी, बादली, पंखा उपयोगी पडतो. अशी वस्तू अगदी नाममात्र दोनशे-तीनशे रुपयांना दिली तरी चालते. घेणाऱ्याला ती विकत घेतल्याचा मान राहतो आणि देणाऱ्याच्या फळात काही उणे येत नाही.

वस्तू देण्याच्या पुढची पायरी म्हणजे घेणाऱ्याच्या हातात काम आणि कसब देणे, आणि तिचे दोन ठसठशीत दाखले याच परिसरात आहेत. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आईवडील दुष्काळात गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. दौंड तालुक्यातील केडगाव येथील त्यांच्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. आलेल्या स्त्रियांना अन्न-वस्त्र देऊन रमाबाई थांबल्या नाहीत, शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्यांनी शिकवली, अंध मुलींसाठी ब्रेलमधून शिक्षणाची सोय केली, आणि आयुष्याची उरलेली वर्षे याच माळावर काढून तेथेच देह ठेवला. ज्या संकटाने त्यांचे घर हिरावून घेतले, त्याच संकटातील मुलींना त्यांनी घर दिले, आणि स्वतःच्या दुःखाचा असा वापर करता येणे हे देणाऱ्याला मिळणाऱ्या फळांतले कदाचित सर्वांत मोठे आहे. त्यांच्या कार्याला वादाची बाजूही आहे. पुण्यातील त्यांच्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जात असल्याच्या आक्षेपावरून १८९३ साली मोठे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही, परंतु देण्याबरोबर देणाऱ्याची श्रद्धाही पुढे येते तेव्हा घेणाऱ्यांचा समाज सावध होतो, हे आजच्या कोणत्याही धर्माच्या आणि पक्षाच्या दात्याने लक्षात ठेवावे.

दुसरा दाखला शिरूर तालुक्यातील पाबळचा. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग हे हिंदुस्थान लीव्हर या कंपनीतील संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळेत न रमणाऱ्या ग्रामीण मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेतीतली तंत्रे हातांनी करत शिकावीत आणि त्यातून गावाच्या गरजा भागाव्यात, ही त्यामागची कल्पना होती. त्यांनी जे दिले ते वय, अनुभव आणि ज्ञान. निवृत्तीनंतर गावाकडे परतलेल्या शिक्षकांना, रेल्वेतल्या तंत्रज्ञांना आणि कारखान्यांतल्या फोरमनना हा मार्ग सहज खुला आहे : दौंडच्या एखाद्या निवृत्त कामगाराने घरातला हत्यारांचा पेटारा भंगारात न घालता एखाद्या होतकरू मुलाला दिला आणि आठवड्यातली एक सकाळ तो वापरायला शिकवण्यात घालवली, तर मुलाला धंदा मिळतो आणि त्याला स्वतःला निवृत्तीनंतर हरवलेले महत्त्व परत मिळते. पेटारा एकटा दिला तर यातले दुसरे काही घडत नाही.

नावाचा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. देवळाच्या पायऱ्या, शाळेची बाके, पाण्याच्या टाक्या आणि पंख्यांची पातीसुद्धा देणगीदारांच्या नावांनी भरलेली असतात. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, तरी ते लिहून घेण्याचा आग्रह सुटत नाही. नावाची इच्छा पाप नव्हे. एका घराण्याचे नाव शाळेवर लागले की दुसरे घराणे वाचनालय बांधते, आणि गावाला दोन्ही मिळतात. पण नावासाठी दिलेल्या दानाचे सुख पाटी लावण्याच्या दिवशी पुरे होते, आणि शेजारी मोठी पाटी लागली की उलट दुखू लागते. ज्याला हे टाळायचे आहे त्याने आपल्या देण्याचा काही वाटा, मग तो दहावा असो वा अर्धा, गुप्तदान म्हणून, म्हणजे कोणालाही न सांगता द्यावा आणि कोणत्या देण्याने मन अधिक दिवस निवांत राहते हे स्वतःच पाहावे.

जमीन आणि मोठ्या रकमा यांच्या बाबतीत मात्र नुसत्या सद्भावनेवर विसंबणे धोक्याचे आहे. विनोबा भावे यांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदानाची चळवळ सुरू झाली. तिच्यात लाखो एकर जमीन मिळाली खरी, परंतु पुष्कळशी जमीन पडीक किंवा तंट्यातली निघाली आणि बरीच प्रत्यक्ष वाटली गेलीच नाही. गावाच्या शाळेला, देवळाला किंवा विहिरीला आजोबांनी तोंडी दिलेली जागा नातवंडे परत मागतात, ही गोष्ट याच कारणाने अजूनही घडते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच होते, त्यावर देणाऱ्याची आणि किमान दोन साक्षीदारांची सही लागते आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाल्यावर फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत पाठपुरावा करावा. संस्थेला देणगी देताना तिचा सार्वजनिक न्यास म्हणून असलेला नोंदणी क्रमांक पाहावा आणि पावती घ्यावी. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०जी खालील सवलत रोख दोन हजार रुपयांवरच्या देणगीला आणि वस्तुरूप देणगीला मिळत नव्हती, तेव्हा करबचतीची अपेक्षा असेल तर चालू तरतूद सल्लागाराकडून आधीच समजून घ्यावी.

कायद्याच्या कागदांत ‘स्वेच्छेने’ असे लिहिलेले असते, म्हणून प्रत्येक कागदामागे स्वेच्छा असतेच असे नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा दिला, तरी जमिनीला भाव आलेल्या गावांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला ‘बहिणीचे मन मोठे’ असे म्हणण्याची पद्धत आहे. हा शब्दप्रयोग बंद व्हावा हे बरे. भावाला खरोखर द्यावेसे वाटणाऱ्या बहिणीनेही आधी आपला वाटा आपल्या नावावर करून घ्यावा आणि मग त्यातून हवे ते द्यावे, म्हणजे दिलेले तिचे राहील आणि त्याचे श्रेय व समाधानही तिचेच राहील. म्हाताऱ्या आईवडिलांनी हयातीतच सगळे मुलांच्या नावावर करून मोकळे होण्याची घाई करू नये. करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ती अट मोडली गेल्यास प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. राहते घर आणि औषधपाण्यापुरते उत्पन्न हाताशी ठेवून उरलेल्यातून देणाऱ्या वृद्धाला पुढची अनेक वर्षे देत राहता येते.